डिमेन्शियाला औषध नाही, मग डॉक्टर कशाला?

‘विसरायला लागलं की संपलंच, न्यूरॉलॉजिस्ट (मेंदूचे डॉक्टर) तरी काय करणार?’ हा समज अर्धा खरा आहे, म्हणूनच टिकलाय. डिमेन्शिया, म्हणजे स्मरणशक्ती आणि विचारशक्ती ढासळत जाणं, ज्यामुळे होतो तो अल्झायमर्स हा मेंदूचा आजार पूर्ण बरा होत नाही, हे मान्य. पण विसरणाऱ्या प्रत्येकाला तोच आजार असतो असं नाही. व्हिटॅमिन बी-१२ची कमतरता, मंदावलेलं थायरॉइड, नैराश्य, काही झोपेच्या गोळ्या, पडल्यावर कवटीत हळूहळू साठलेलं रक्त, यांनीही स्मरणशक्ती ढासळते. आणि यांवर उपचार आहेत.

म्हणून हे डॉक्टर आधी घरच्यांना खोदून विचारतात. मग पेशंटला कागदावर घड्याळाचं चित्र काढून त्यात ११ वाजून १० मिनिटं दाखवायला सांगतात. पोरखेळ वाटतो खरा, पण नियोजनातला गोंधळ तिथेच दिसतो. पडताळायचंय? विसराळूपणासाठी लिहून दिलेल्या रक्ततपासण्यांची यादी बघा, बी-१२ आणि टीएसएच (थायरॉइडची तपासणी) त्यात बहुधा सापडतीलच.