उकडा, सुरय आणि पोषणशास्त्राचा पहिला धडा

पहिल्या तासाला मी टेबलावर दोन मुठी तांदूळ ठेवतो. एक मूठ सुरय, म्हणजे न उकडलेल्या तांदळाची, गिरणीतून पांढराशुभ्र होऊन आलेली. दुसरी उकड्याची, म्हणजे भात तुसासकट उकडून केलेल्या तांदळाची: तांबूस, काचेसारखी झाक असलेली, दाताखाली कडक. वर्गातली निम्मी मुलं उकडा लगेच ओळखतात, ‘आजी पेज करते तो’ म्हणून. मुंबईहून किंवा घाटावरून आलेल्यांना तो जुना, खराब झालेला तांदूळ वाटतो.

मग फळ्यावर तीन आकडे. शंभर ग्रॅम तांदळातलं थायामिन, म्हणजे ब-१ जीवनसत्त्व: हातसडीच्या सुरयमध्ये ०.२१ मिलिग्रॅम, गिरणीत सडलेल्या, म्हणजे कोंडा काढलेल्या, सुरयमध्ये ०.०६. आणि उकड्यात, तोही गिरणीतच सडलेला असताना, पुन्हा ०.२१. एकच गिरणी, एकच भात. फक्त सडण्याआधी एक उकळी जास्त. हा फरक कळायला जगाला साधारण अर्धं शतक लागलं, आणि त्या अर्ध्या शतकातच आपला हा विषय जन्माला आला.

नव्या शैक्षणिक धोरणानंतर पदवीच्या मुलांना आपल्या शाखेबाहेरचे विषयही घ्यावे लागतात. त्यामुळे कोकणातल्या आमच्या महाविद्यालयात वाणिज्याची आणि संगणकाची मुलं मानवी पोषणाच्या प्राथमिक अभ्यासक्रमाला येऊन बसतात. (मला ‘स्वयंपाकाचे सर’ म्हणतात, इलाज नाही.) क्रमिक पुस्तकाची सुरुवात उष्मांकापासून होते, मग प्रथिनं, स्निग्ध पदार्थ, जीवनसत्त्वं, क्षार, आणि शेवटी सार्वजनिक पोषण. मुलांना हा क्रम कोणीतरी टेबलाशी बसून आखलेला वाटतो. तसा तो नाही. ज्या क्रमाने भांडणं मिटत गेली, जवळपास त्याच क्रमाने प्रकरणं लागली आहेत.

पहिली प्रकरणं युरोप-अमेरिकेतली. लाव्हाझिए या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १७८० च्या दशकात गिनीपिगला बर्फाने वेढलेल्या भांड्यात ठेवून किती बर्फ वितळतो ते मोजलं आणि श्वसन म्हणजे एक प्रकारचं मंद ज्वलन आहे असं दाखवलं. शंभर वर्षांनी अमेरिकेत ॲटवॉटरने माणसाला बंद खोलीत बसवून तोच हिशेब पक्का केला. पिष्ट आणि प्रथिनांना ग्रॅममागे ४, स्निग्धाला ९ उष्मांक, हे पाकिटांवरचे आकडे त्याच्या कामातून आले. जहाजावरचा डॉक्टर जेम्स लिंड, त्याचे १७४७ मधले स्कर्व्हीने आजारी बारा खलाशी आणि त्यातल्या दोघांना मिळालेली संत्री-लिंबं ही गोष्ट बहुतेकांनी शाळेतच वाचलेली असते. इथवर विषय सुरळीत चालतो. खरी गंमत भातापाशी आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी जावा बेटावर डच सैनिक आणि कैदी बेरीबेरीने मरत होते. पाय सुन्न पडत, अंगावर सूज येई, हृदय थकून थांबे. जंतूंचा तो काळ. प्रत्येक रोगामागे जंतू असणारच, या खात्रीने डच सरकारने डॉक्टर पाठवले. त्यांतल्या क्रिस्टियान आयकमानच्या प्रयोगशाळेतल्या कोंबड्याच अचानक लुळ्या पडल्या. जंतू काही सापडेना. काही महिन्यांनी कोंबड्या आपोआप बऱ्या झाल्या. चौकशी केली तेव्हा कळलं की मधल्या काळात त्यांना लष्करी रुग्णालयाच्या मुदपाकखान्यातला उरलेला पांढरा भात घातला जात होता. पुढे नवा स्वयंपाकी आला, आणि लष्कराचा तांदूळ मुलकी कोंबड्यांना कशाला, म्हणून त्याने तो बंद केला. एका स्वयंपाक्याच्या कारकुनी कडकपणातून १९२९ चं नोबेल पारितोषिक निघालं, हे मुलांना भारी आवडतं.

आयकमानला मात्र स्वतःच्या शोधाचा अर्थ आधी नीट लागला नव्हता. पांढऱ्या तांदळात काहीतरी विष आहे आणि कोंड्यात त्यावरचा उतारा, असं त्याला वाटे. त्याच्या जागी आलेल्या गेरिट ग्रिन्सने १९०१ मध्ये उलट बाजूने विचार केला: विष वगैरे काही नाही, काहीतरी कमी पडतंय. ‘काहीतरी कमी पडल्याने रोग होतो’ हे आज सहज बोललं जातं, पण त्या काळी ही उलटी उडी होती. १९१२ मध्ये लंडनमध्ये कोंड्यावरच काम करणाऱ्या काझिमीर फुंकने त्या ‘काहीतरी’ला व्हिटामिन हे नाव दिलं. १९२६ मध्ये जावातच यान्सन आणि डोनाथ यांनी तांदळाच्या कोंड्यातून त्याचे, म्हणजे आजच्या थायामिनचे, स्फटिक वेगळे काढले.

उकडा या गोष्टीत शिरतो तो मलायात. तिथल्या खाणींतले चिनी मजूर बेरीबेरीने जात होते, आणि शेजारच्याच मळ्यांतल्या तमिळ मजुरांना ती क्वचितच होई. ब्रॅडन नावाच्या डॉक्टरच्या लक्षात आलं की चिनी लोक सयामचा (आजच्या थायलंडचा) पांढरा तांदूळ खातात आणि तमिळ लोक हिंदुस्थानातून येणारा उकडा. १९०५ मध्ये क्वालालंपूरच्या वेड्यांच्या इस्पितळात फ्लेचरने रुग्णांचे दोन गट केले, एकाला उकडा, एकाला सुरय. सुरयवाल्यांत बेरीबेरी पसरली, माणसं दगावली. उकड्याच्या गटात ती नव्याने कोणाला झाली नाही. आज असा प्रयोग कोणतीही नैतिक समिती मंजूर करणार नाही, आणि तेही वर्गात सांगावं लागतं.

कारण साधं आहे. थायामिन पाण्यात विरघळतं आणि असतं मुख्यतः कोंड्यात नि अंकुरात. भात तुसासकट भिजवून उकडलं की ते पाण्याबरोबर दाण्याच्या आत सरकतं आणि वाळताना तिथेच अडकतं. मग वरचा कोंडा गिरणीने कितीही खरवडला तरी बराचसा ऐवज आत शाबूत राहतो.

सिंधुदुर्गात हे काम मी लहानपणी पाहिलं आहे. भात रात्रभर भिजत घालायचं, सकाळी खळ्यातल्या चुलाणावर मोठं तपेलं चढवायचं, खाली जळण म्हणून नारळाची सोडणं आणि झावळ्या. तूस जरासं फुटलं की उतरवायचं, निथळायचं, चटईवर पसरायचं आणि दिवसभर कोंबड्या हाकायच्या. त्याचा ओलसर, तुसाचा वास घरभर दोन दिवस रेंगाळायचा. वाळलेलं भात गिरणीत जाई. त्याआधीच्या पिढीत घिरटावर भरडून वायनात मुसळाने कांडत.

आता इथे हमखास कोणीतरी म्हणतं, ‘म्हणजे आपल्या पूर्वजांना सगळं माहीत होतं!’ नव्हतं. उकडलेला दाणा सडताना कमी तुटतो, त्याची पेज पोटाला धरून राहते, एवढं त्यांना माहीत होतं आणि ते पुरेसं होतं. थायामिन फुकटात मिळालं. शिवाय त्याच घरांत भात वेळून त्याचं पाणी गुरांच्या आंबोणात ओतायचीही पद्धत होती, म्हणजे उकड्याने वाचवलेल्यातलं थोडं म्हशीला जाई. परंपरेला जीवनसत्त्वांची यादी पाठ नव्हती. पेजेत मात्र पाणी टाकायचंच नसतं, हे आपलं नशीब.

भारतात या विषयाला घर मिळालं ते निलगिरीतल्या कुन्नूरला. रॉबर्ट मॅककॅरिसनने १९१८ मध्ये तिथे बेरीबेरीची चौकशी म्हणून काम सुरू केलं. १९२८ मध्ये त्याची पोषण संशोधन प्रयोगशाळा झाली, १९५८ मध्ये ती हैदराबादला गेली आणि १९६९ पासून राष्ट्रीय पोषण संस्था म्हणून ओळखली जाते. मॅककॅरिसनने हिंदुस्थानातल्या निरनिराळ्या लोकांचा आहार उंदरांना घालून त्यांची वाढ मोजली. शीख आहारावरचे उंदीर सगळ्यात धष्टपुष्ट, मग पठाणी, तिसरे मराठा आहारावरचे. मद्रासी आहारावरचे शेवटी. ‘मराठा तिसरे’ यावर वर्गात टाळ्या पडतात. पण कोकणातलं ताट भाताचं. त्या यादीत आपली जागा मद्राशाच्या जास्त जवळ. आणि लढाऊ जमाती, बिनलढाऊ जमाती असल्या साहेबी वर्गवारीची सावलीही त्या यादीवर आहे. शीख ताटात दूध, तूप, डाळ, भाजी होती. मद्रासी ताट प्रामुख्याने सडलेल्या तांदळाचं होतं. फरक जातीचा नव्हता, ऐपतीचा आणि गिरणीचा होता.

मॅककॅरिसननंतर आलेल्या ॲक्रॉइडने १९३७ मध्ये भारतीय अन्नपदार्थांच्या पोषणमूल्यांचं छोटं पुस्तक काढलं. माझ्या मते या विषयाच्या भारतीय इतिहासातली ही सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, कारण त्याआधी आपल्याकडच्या आहाराचा हिशेब करायचा तर आकडे परक्यांचे वापरावे लागत. सी. गोपालन आणि सहकाऱ्यांनी १९७१ मध्ये ते नव्याने केलं. वरचे थायामिनचे तीन आकडे त्या परंपरेतले. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या नव्या तक्त्यांत देशाच्या सहा विभागांतून नमुने गोळा करून ५२८ पदार्थ तपासले आहेत. मी मुलांना कुळीथ आणि नाचणी शोधायला लावतो. कुळथात शंभर ग्रॅममागे सुमारे २२ ग्रॅम प्रथिनं, नाचणीत साडेतीनशेच्या आसपास मिलिग्रॅम कॅल्शियम. पांढऱ्या तांदळात कॅल्शियम नावाला. वरकस जमिनीवरची नाचणी गरिबाची म्हणून ताटातून गेली, तिच्याबरोबर काय गेलं ते या आकड्यांतून दिसतं.

मुंबईचा धडा वेगळा. १९२८ मध्ये ल्युसी विल्स ही डॉक्टर मुंबईत आली आणि गिरण्यांत राबणाऱ्या गरीब गर्भवतींच्या जीवघेण्या रक्तक्षयाचा शोध घेऊ लागली. रत्नागिरीहून बोटीने गेलेल्या हजारो माणसांची हीच मुंबई, चाळीतल्या एका खोलीत अनेक बिऱ्हाडांची. विल्सला १९३१ मध्ये आढळलं की यीस्टचा स्वस्त अर्क, मार्माइट, दिला की हा रक्तक्षय बरा होतो. त्यातला घटक बराच काळ ‘विल्स फॅक्टर’ म्हणून ओळखला गेला. १९४१ मध्ये पालकाच्या पानांतून मिळालेल्या द्रव्याला फोलिक ॲसिड नाव पडलं आणि पुढे तेच हे, असं स्पष्ट झालं. आशाताई गर्भवतींना लोहाची जी गोळी देतात, तिच्यात ते असतं.

हा विषय विद्यापीठात आला तो मुलींच्या दारातून. दापोलीजवळच्या मुरूडचे धोंडो केशव कर्वे यांनी जपानच्या महिला विद्यापीठाची माहितीपुस्तिका वाचून १९१६ मध्ये पुण्यात महिला विद्यापीठ उभं केलं. गृहशास्त्र आणि आरोग्य हे विषय तिथे सुरुवातीपासून होते. दिल्लीत लेडी आयर्विन कॉलेज १९३२ चं. चांगलं झालं, पण पोषण म्हणजे बायकांचा विषय ही समजूतही त्याबरोबर घट्ट बसली, आणि ती अजून माझ्या हजेरीपटावर दिसते.

कमला सोहोनी (तेव्हाच्या भागवत) यांची गोष्ट या समजुतीच्या बरोबर उलट टोकाची. १९३३ मध्ये बंगळुरूच्या विज्ञान संस्थेने त्यांना मुलगी म्हणून प्रवेश नाकारला. त्या हटून बसल्या, तेव्हा सी. व्ही. रामन यांनी अटी घालून घेतलं. दूध आणि डाळींतल्या प्रथिनांवर काम करून त्या केंब्रिजला गेल्या, १९३९ मध्ये पीएच.डी. झाल्या, मग कुन्नूर, आणि नंतर मुंबईची विज्ञान संस्था. तिथे त्यांनी नीरेवर केलेल्या कामासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. किनारपट्टीवर हे सांगताना वर्गात खसखस पिकते, कारण आपल्याकडे माडाचा रस म्हटला की आंबलेली, चढणारी माडीच. पहाटे, चुना लावलेल्या मडक्यात उतरवलेला, न आंबलेला रस ती नीरा. ऊन वर आलं की गोष्ट बदलते.

नंतरचा मोठा वाद प्रथिनांचा. १९६० च्या दशकात जगभर ‘प्रथिनांची तूट’ हा परवलीचा शब्द होता. पावडरी आणि बिस्किटं निघाली. साताऱ्याकडचे पां. वा. सुखात्मे, संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत सांख्यिकीचे प्रमुख, आकडे मांडून म्हणाले की भारतीय माणूस मुळात पोटभर खात नाही. तेच जेवण पुरेसं मिळालं तर बहुतेकांचं प्रथिनही भागेल. १९७१ मध्ये दांडेकर आणि रथ या अर्थशास्त्रज्ञांनी पुण्यात दारिद्र्याची रेषा आखली तीही रोजच्या २२५० उष्मांकांवर. सुखात्म्यांवर टीकाही भरपूर झाली, आणि लहान मुलांच्या बाबतीत ती मला पटते.

आता पुन्हा तांदूळ. २०२१ च्या स्वातंत्र्यदिनी घोषणा झाली आणि रेशनवर पोषक तत्त्वं घातलेला तांदूळ येऊ लागला. तांदळाच्या पिठात लोह, फोलिक ॲसिड आणि ब-१२ मिसळून, साच्यातून दाणे काढून, ते साध्या तांदळात शंभराला एक या प्रमाणात मिसळू लागले. गेल्या वर्षी एका विद्यार्थिनीने गोळ्यांच्या रिकाम्या डबीत असे दाणे आणले. आजी सुपात निवडून ते बाजूला काढत होती, प्लास्टिकचा तांदूळ म्हणून. प्रात्यक्षिकाच्या तासाला आम्ही ते शिजवले. इतर दाण्यांसारखेच शिजले, चमच्याने दाबल्यावर पीठ झालं. तिने फोटो काढून घरी पाठवला. तासाभराने आजीचं उत्तर आलं, नातवाने टाइप केलेलं: ‘शिजलो म्हणजे तांदूळच असतलो. पण पेजेक आपलो उकडोच बरो.’

विल्सबाईंचं फोलिक ॲसिड त्या दाण्यात आहे. थायामिन सक्तीच्या तीन घटकांत नाही. ते ऐच्छिक यादीत आहे.