उर्गेंचमध्ये जन्मलेली पोलिश गायिका

‘गेर्मान’ हे पोलिश गायिका आन्ना गेर्मानच्या घराण्याचं मूळ आडनाव नव्हे. वडिलांकडचं आडनाव ह्योर्मान. रशियन लिपीत ‘ह’ला नेमकं अक्षर नाही, त्यामुळे परक्या नावांतला ‘ह’ तिथे बहुतेकदा ‘ग’ होऊन बसतो. ह्योर्मानचं तसंच गेर्मान झालं. पुढे पोलंड, इटली आणि सोव्हिएत संघात निघालेल्या तिच्या तबकड्यांवर हेच आडनाव छापलं गेलं. तिची कारकीर्द सांगताना बहुतेक जण 1967 च्या मोटार अपघातापासून सुरुवात करतात. मला तिची गोष्ट या आडनावापासून सांगावीशी वाटते. ती ज्या भाषांत वाढली त्यांतली प्रत्येक भाषा कधी ना कधी धोक्याची होती, आणि पुढे तिने गाणी म्हटली ती सात भाषांत.

तिची आई इर्मा मार्टेन्स मेनोनाइट पंथाच्या कुटुंबातली. मेनोनाइट म्हणजे शस्त्र हाती न घेणारे, प्रौढपणी बाप्तिस्मा घेणारे प्रोटेस्टंट. सोळाव्या शतकात छळाला कंटाळून ते नेदरलँड्समधून विस्तुला नदीच्या मुखाशी, गदान्स्कच्या आसपासच्या पाणथळ जमिनीवर आले. बांध घालून त्यांनी ती जमीन लागवडीखाली आणली. दोनेकशे वर्षांच्या मुक्कामात त्यांची बोली बदलत गेली आणि प्लाउटडीच नावाची स्वतंत्र भाषा झाली. अठराव्या शतकाच्या अखेरीस कॅथरीन राणीने बोलावल्यावर त्यांच्यातले बरेच जण दक्षिण रशियात गेले आणि जाताना ही बोली सोबत घेऊन गेले. इर्माचं घर कुबान प्रांतातलं. आन्नाला लहानपणी सांभाळणारी आजी हीच बोली बोलायची.

वडील ऑयगेन ह्योर्मान यांचा जन्म वूचचा. आज हे शहर पोलंडमध्ये असलं तरी तेव्हा ते रशियन साम्राज्यात होतं. त्यांचे वडील बाप्टिस्ट धर्मोपदेशक. ऑयगेन हिशेबनीस होते आणि उझबेकिस्तानातल्या उर्गेंच गावी नोकरी करत होते. इर्मा त्याच गावात जर्मन शिकवायची. तिथे 14 फेब्रुवारी 1936 रोजी आन्नाचा जन्म झाला.

ती दीड वर्षांची असताना वडिलांना अटक झाली. 1937 च्या उन्हाळ्यात सोव्हिएत गुप्त पोलिसांनी ‘राष्ट्रीय’ मोहिमा सुरू केल्या होत्या, आधी जर्मनांविरुद्ध आणि मग पोलिशांविरुद्ध. एकट्या पोलिश मोहिमेत सुमारे 1 लाख 11 हजार माणसं गोळ्या घालून मारली गेली. वूचमध्ये जन्मलेल्या, जर्मन आडनावाच्या माणसाला त्या वर्षी संशयातून सुटका नव्हती. हेरगिरीच्या आरोपाखाली 1938 मध्ये त्यांना मृत्युदंड दिला गेला. घरच्यांना मात्र बरीच वर्षं याचा पत्ता नव्हता. मायलेकी आणि आजी मध्य आशियात गावं बदलत राहिल्या, ताश्कंद, मग कझाकस्तानातलं जांबूल. याच काळात आन्नाचा धाकटा भाऊही आजारपणात गेला.

युद्ध चालू असताना इर्माने एका पोलिश अधिकाऱ्याशी लग्न केलं. तो सोव्हिएत भूमीवर उभारलेल्या पोलिश सैन्यात गेला आणि परतला नाही. त्याची पत्नी म्हणून मिळालेल्या कागदांच्या आधारावरच 1946 मध्ये या तिघी पोलंडला जाऊ शकल्या. कोल्हापूरजवळच्या वळिवड्याची इथे आठवण येते. मध्य आशियात अडकलेल्या पोलिश कुटुंबांपैकी काही 1942 मध्ये जनरल आंदेर्स यांच्या सैन्याबरोबर इराणमार्गे बाहेर पडली. त्यांच्यातली सुमारे पाच हजार माणसं, मुख्यतः बायका आणि मुलं, 1943 ते 1948 या काळात वळिवड्याच्या वसाहतीत राहिली. तिथे त्यांच्या शाळा होत्या, चर्च होतं, नाटकंही होत. मध्य आशिया सोडायचा दुसरा रस्ता चार वर्षांनी उघडला. आन्ना त्या दुसऱ्या रस्त्याने आली.

सुरुवातीला नोवा रुदा आणि 1949 पासून व्रोत्स्वाव, असं त्यांचं बिऱ्हाड हललं. दोन्ही ठिकाणं युद्धाआधी जर्मनीत होती. 1945 नंतर तिथल्या जर्मनांना हाकललं गेलं आणि पूर्वेकडून उठवलेल्या पोलिशांना तिथे आणून बसवलं. घरांवरच्या जर्मन पाट्या पुसण्याचं काम चालू होतं, आणि नेमक्या तशा गावात प्लाउटडीच बोलणारी आजी, जर्मन शिकवलेली आई आणि शाळेत पोलिश शिकत असलेली मुलगी राहायला आल्या. आजीची भाषा घराच्या भिंतींआडच ठेवावी लागली. आपण कुठे जन्मलो आणि वडिलांचं काय झालं, यातलं फारसं काही आन्नाला पुढेही उघडपणे बोलता आलं नाही. सोव्हिएत मित्रदेशात सोव्हिएत तुरुंगातल्या मृत्यूविषयी बोलायची सोय नव्हती.

तिला चित्रकार व्हायचं होतं. आईला पोटापाण्याची विद्या हवी होती, म्हणून व्रोत्स्वाव विद्यापीठात ती भूगर्भशास्त्र शिकली आणि 1962 मध्ये पदवीधर झाली. गाण्याचं रीतसर शिक्षण तिने घेतलेलं नव्हतं. 1956 नंतर पोलंडमध्ये दडपण थोडं सैल झालं, विद्यार्थ्यांची नाट्यमंडळं आणि जॅझचे क्लब गावोगाव निघाले. व्रोत्स्वावचं ‘कालांबूर’ हे त्यातलंच एक, आणि तिथेच ती पहिल्यांदा रंगमंचावर उभी राहिली. त्यानंतर ‘एस्त्रादा’ म्हणजे सरकारी कार्यक्रम संस्थांच्या गाडीत बसून छोट्या गावांचे दौरे झाले. त्या व्यवस्थेत व्यावसायिक गायक म्हणून काम करायचं तर मंत्रालयाने नेमलेल्या परीक्षकांसमोर गाऊन परवाना घ्यावा लागे आणि मानधनाचा दर त्या परवान्यावर ठरे. सहा फूट उंचीची, जराशी संकोची ही मुलगी त्या परीक्षेला बसली. या दौऱ्यांचं मोल मला फार वाटतं. थंडगार सभागृहं, बेसूर पियानो, दमून आलेले कामगार श्रोते यांच्यासमोर ती हळू आवाजात गायला शिकली, आणि श्रोत्यांना शांत बसवायचं कसं हेही तिथेच शिकली.

तेव्हाच्या पोलिश सुगम संगीताला दोन महोत्सवांनी आकार दिला. सोपोतचा आंतरराष्ट्रीय महोत्सव 1961 मध्ये सुरू झाला. वॉर्सॉच्या ज्यू वस्तीतून वाचलेले पियानोवादक व्वादिस्वाव श्पिलमान त्याच्या प्रवर्तकांपैकी एक. पहिली तीन वर्षं तो गदान्स्कच्या जहाजबांधणी कारखान्याच्या सभागृहात भरे, 1964 पासून सोपोतच्या जंगलातल्या खुल्या रंगमंचावर भरू लागला. दुसरा महोत्सव ओपोलेचा, 1963 पासून, केवळ पोलिश गाण्यांचा. दोन्हींचं प्रक्षेपण होत असल्यामुळे एका रात्रीत गायक घरोघरी पोहोचत असे. 1964 मध्ये आन्नाने या दोन्ही ठिकाणी ‘तांचोंत्से एउरिदिकी’, म्हणजे नाचणाऱ्या युरिडिसी, हे गाणं म्हणून बक्षिसं मिळवली. चाल होती काताझिना गेर्टनर या तरुण संगीतकार मुलीची. ग्रीक कथेतली पाताळातून परत न येऊ शकलेली युरिडिसी त्यात छोट्याशा मद्यगृहात भेटते. गिटारांचा गजर नुकता सुरू झाला होता, आणि ही बाई सारं काही कुजबुजीपासून वर नेत होती. तिचा वरचा सूर चढताना कडक होत नाही, उलट पातळ होत जातो. त्यामुळे ऐकणारा आपोआप पुढे झुकतो.

सोपोतपासून विस्तुलाचं मुख अगदी जवळ आहे. आजीची बोली जिथे घडली त्याच किनाऱ्यावर नात पोलिश गायिका म्हणून उभी होती. त्या रात्री हे कुणी बोलून दाखवणं शक्य नव्हतं.

लगेचच सोव्हिएत संघाची दारं उघडली. तिथे 1964 मध्ये ध्वनिमुद्रणाच्या सगळ्या सरकारी संस्था एकत्र करून ‘मेलोदिया’ ही कंपनी काढली होती. तिच्यातल्या संपादक आन्ना काचालिना यांनी या गायिकेला ओळखलं, तिला साजेशी गाणी शोधली, संगीतकारांशी गाठ घालून दिली आणि शेवटपर्यंत मैत्री निभावली. सोव्हिएत श्रोत्यांना पोलंड म्हणजे पश्चिमेकडे उघडणारी खिडकी वाटे. तिकडची मासिकं, चित्रपट, कपडे, सगळ्याचंच आकर्षण होतं. त्यात आलेली ही पोलिश गायिका रशियन मात्र लहानपणापासून बोलत आलेल्या माणसासारखी म्हणायची. का, ते श्रोत्यांना ठाऊक नव्हतं.

1966 मध्ये मिलानच्या एका ध्वनिमुद्रण कंपनीने तिच्याशी तीन वर्षांचा करार केला. पुढच्या वर्षी ती इटलीतल्या सान रेमोच्या गीतमहोत्सवात गायली. साम्यवादी देशांतून तिथे उभी राहिलेली ती पहिली गायिका मानली जाते. तेव्हाच्या नियमानुसार एक गाणं दोन गायक वेगवेगळं सादर करत. तिच्या गाण्याचा दुसरा गायक होता फ्रेद बोनगुस्तो. अंतिम फेरी त्यांना गाठता आली नाही, पण इटलीत तिला मागणी येऊ लागली आणि नेपल्सच्या बोलीतली गाणीही तिच्या वाट्याला आली. इटालियन कंपनीच्या कल्पना मात्र वेगळ्या होत्या. छायाचित्रं, पोशाख, फॅशनचे कार्यक्रम यांत तिचे दिवस जात आणि गाणं थोडं होई. याचा तिला शीण यायचा, असं तिने पुढे आठवणींत लिहिलं आहे.

27 ऑगस्ट 1967 च्या रात्री फोर्लीचा कार्यक्रम आटोपून मिलानकडे परतताना गाडी चालवणाऱ्याचा डोळा लागला. आन्ना काचेतून बाहेर फेकली गेली. कित्येक दिवस ती बेशुद्ध होती, मग अनेक महिने प्लास्टरमध्ये. हात, पाय, पाठीचा कणा सगळंच मोडलं होतं. श्वास पुरत नव्हता, काही आठवणी गेल्या होत्या, गाण्यांचे शब्दही परत पाठ करावे लागले. अभियंता असलेल्या झ्बिग्न्येव तुखोल्स्की या मित्राने तिला पुन्हा चालायला शिकवलं. 1972 मध्ये त्या दोघांनी लग्न केलं.

अंथरुणात पडल्या पडल्या ती दोन गोष्टी करू लागली. इटलीच्या आठवणींचं पुस्तक लिहिलं, आणि चाली बांधल्या. तिच्याविषयीच्या लेखनात या चालींना फार थोडी जागा मिळते याचं मला वाईट वाटतं. आलिना नोवाक यांच्या शब्दांवर तिने बांधलेलं ‘च्वोविएची लोस’, म्हणजे माणसाचं प्राक्तन, हे गाणं तिच्या पुनरागमनाचं गाणं ठरलं आणि त्याच नावाची तिची तबकडी 1970 मध्ये निघाली. त्यात रडगाणं नाही. प्राक्तन म्हणजे काही परीकथा नव्हे, तरी दिवसाकडे हसून बघायला हवं, अशा साध्या बोलण्यावर तिने साधीच चाल दिली. दम कमी पडत असलेल्या गायिकेने स्वतःच्या श्वासाच्या मापाने ती बेतली असावी असं ऐकताना मला जाणवतं. याच वर्षांत तिने दोमेनिको स्कारलात्तीच्या ऑपेरातली गीतंही ध्वनिमुद्रित केली. सुगम गाणाऱ्या, शाळा न शिकलेल्या गळ्यासाठी हे धाडस होतं.

सत्तरच्या दशकात सोव्हिएत संघात तिची लोकप्रियता पोलंडपेक्षा कितीतरी वाढली. आलेक्सांद्रा पाखमुतोवा आणि निकोलाय दोब्रोनरावोव या दांपत्याचं ‘नादेझ्दा’, म्हणजे आशा, हे गाणं आधी इतरांनीही म्हटलेलं होतं, पण घरोघरी गेलं ते तिच्या आवाजात. घरापासून दूर, अनोळखी ताऱ्याखाली काम करणाऱ्या माणसाचं हे गाणं. सायबेरियात तेल आणि खनिजं शोधायला गेलेल्या पिढीला ते आपलं वाटलं, आणि ते म्हणणारी स्वतः भूगर्भशास्त्र शिकलेली होती. अंतराळवीरांनीही ते आपलंसं केलं. व्लादिमिर शाइन्स्कीची फुललेल्या बागांची चाल आणि 1977 च्या एका युद्धपटातलं ‘एखो ल्युब्वी’, म्हणजे प्रेमाचा प्रतिध्वनी, हीसुद्धा तिच्याच नावावर लोकांच्या लक्षात राहिली. 1975 मध्ये सोव्हिएत खगोलशास्त्रज्ञ तमारा स्मिर्नोवा यांनी शोधलेल्या 2519 क्रमांकाच्या लघुग्रहाला तिचं नाव आहे.

पोलंडमध्ये मात्र चित्र तसं नव्हतं. तिकडे तरुणांना रॉक हवं होतं, आणि रशियात गाजणाऱ्या कलावंताकडे बघायची नजरही काहीशी थंड असे. 2013 मध्ये तिच्या आयुष्यावरची मालिका पोलिश दूरचित्रवाणीवर आली तेव्हा तिथली एक आख्खी पिढी तिला नव्याने ऐकत होती. उर्गेंच, वडील, 1937 हा सगळा भाग पुष्कळ प्रेक्षकांना तेव्हा प्रथमच कळला.

1975 मध्ये तिला मुलगा झाला. थोड्याच वर्षांत पाय दुखू लागला, सूज यायला लागली. तो हाडांचा कर्करोग निघाला. तरीही ती 1980 पर्यंत गात राहिली. शेवटच्या काळात मंच सुटल्यावर ती आजीच्या श्रद्धेकडे वळली. तिचा बाप्तिस्मा ॲडव्हेंटिस्ट या प्रोटेस्टंट पंथाच्या चर्चमध्ये झाला, पूर्वजांच्या रीतीप्रमाणे प्रौढपणी. बायबलमधलं तेविसावं स्तोत्र, ‘हे आमच्या पित्या’ ही प्रार्थना आणि करिंथकरांच्या पत्रातला प्रेमाविषयीचा उतारा यांना तिने चाली दिल्या आणि घरीच साध्या ध्वनिमुद्रकावर त्या गाऊन ठेवल्या. पोलंडमध्ये तेव्हा लष्करी कायदा चालू होता. 25 ऑगस्ट 1982 रोजी वॉर्सॉमध्ये ती गेली, सेहेचाळीस वर्षांची. इर्मा तिच्यामागे पाव शतक जगली.