हिरवा मोठा की पिवळा?

हवामानाचे नकाशे, मेंदूचे स्कॅन, समुद्राचं तापमान... शोधनिबंधांमधल्या कितीतरी आकृत्या गडद निळ्यापासून सुरू होतात आणि हिरव्या-पिवळ्यातून लालपर्यंत पोचतात. कमी तिथे निळा, जास्त तिथे लाल. टोकं कळतात, पण मधे काय? हिरवा मोठा की पिवळा? सप्तरंगांचा क्रम शाळेत 'तानापिहिनिपाजा' असा घोकावा लागला, कारण तो नुसत्या डोळ्यांना उमगत नाही. पांढरा, करडा, काळा हा क्रम कधी कुणी घोकलाय?

चढउतार ओळखताना डोळा मुख्यतः उजळपणावर विसंबतो, आणि सगळे रंग सारखे उजळ नसतात. पडद्यावरचे लाल, हिरवा आणि निळा हे तीन प्रकाश पूर्ण तेजाने मिसळले, की दिसणाऱ्या उजळपणात हिरव्याचा वाटा सुमारे ७२ टक्के, लालचा २१ आणि निळ्याचा जेमतेम ७ टक्के असतो. पिवळा म्हणजे लाल अधिक हिरवा, म्हणून तो झगझगीत. निळा आणि गडद लाल मात्र काळपट. परिणामी आकडे सावकाश, एकसारखे वाढत असले तरी पिवळ्यापाशी एक ठळक पट्टा उमटतो. तिथे सीमारेषा असल्याचा भास होतो, ती मुळात नसतेच. उलट हिरव्या भागात खरे फरक विरून जातात. अशा पानाची कृष्णधवल झेरॉक्स काढली, तर सर्वांत थंड आणि सर्वांत गरम भाग दोन्ही काळेच येतात.

हे नुसतं सौंदर्यशास्त्र नाही. हार्वर्डमध्ये मिशेल बॉर्किन आणि सहकाऱ्यांनी २०११ साली हृदयाच्या धमन्यांची चित्रं घेऊन चाचणी केली. नेहमीच्या त्रिमितीय, इंद्रधनुषी चित्रांत वैद्यकशास्त्राच्या विद्यार्थ्यांना धोक्याच्या जागांपैकी ३९ टक्केच सापडल्या. धमनी सपाट उलगडून दाखवल्यावर ६२ टक्के. आणि रंगपट्टीही बदलल्यावर ९१ टक्के. माहिती तीच!

मग हे रंग इतके टिकले कसे? माझ्या मते दोष आळसाचा. सॉफ्टवेअर जे आपणहून देतं, तेच निबंधात जातं. मॅटलॅब या गणिती सॉफ्टवेअरमध्ये 'जेट' ही इंद्रधनुषी पट्टी आपोआप यायची; ती २०१४ मध्ये बदलली. पायथन या संगणकभाषेत आलेख काढणाऱ्या मॅटप्लॉटलिबसाठी नॅथॅनिएल स्मिथ, स्टेफान व्हॅन डर वॉल्ट आणि एरिक फायरिंग यांनी 'व्हिरिडिस' ही पट्टी घडवली. गडद जांभळ्यापासून पिवळ्यापर्यंत जाताना तिचा उजळपणा एकसमान वाढतो, त्यामुळे झेरॉक्समध्येही क्रम शाबूत राहतो. २०१७ पासून तिथे तीच आपोआप येते.

सूक्ष्मदर्शकाच्या चित्रांत वेगळीच अडचण. एक प्रथिन लाल, दुसरं हिरवं, दोन्ही एकत्र असतील तिथे पिवळं, असा रिवाज वर्षानुवर्षं चालत आला. उत्तर युरोपीय वंशाच्या पुरुषांत सुमारे ८ टक्क्यांना लाल-हिरवा भेद नीट कळत नाही. त्यांनी या चित्रातून काय वाचायचं? म्हणून लालऐवजी मॅजेंटा, म्हणजे साडीच्या दुकानातला राणी कलर, वापरायची शिफारस केली जाते. तो हिरव्यात मिसळला की पांढरा दिसतो. यासाठी प्रयोग पुन्हा करावा लागत नाही. अशा सूक्ष्मदर्शकांचा कॅमेरा बहुधा कृष्णधवलच असतो. प्रत्येक प्रथिनाचा प्रकाश वेगळ्या फिल्टरमधून टिपला जातो आणि रंग नंतर संगणकावर चढवले जातात.