खाली कुठे, हे काडीला कसं कळतं?

फेब्रुवारीत घरोघरी गुलाबांचे गुच्छ येतात आणि पाठोपाठ मोबाइलवर तो व्हिडिओही येतो: फुलाची दांडी बटाट्यात खोचा, कुंडीत पुरा, झाड तयार. यंदा मला तो चार जणांनी पाठवला. बटाट्यातून दांडीला मिळतो तो ओलावा, आणि तो ओल्या मातीतही असतोच. पुरलेला बटाटा मात्र कुजतो, बुरशी दांडीच्या ताज्या कापापर्यंत पोचते. नाहीतर बटाट्यालाच कोंब येतात.

दांडीत जे खरोखर घडतं, ते या युक्तीपेक्षा फार सुंदर आहे. सालीखालच्या कँबियमच्या, म्हणजे खोड जाड करणाऱ्या पातळ थराच्या, आसपासच्या काही पेशी आपलं ठरलेलं काम सोडतात, पुन्हा विभागू लागतात आणि मूळ घडवतात. शाळेत आपण यांना आगंतुक मुळं म्हणायचो. त्यांना हा इशारा देतं ऑक्झिन. शेंड्यात आणि कोवळ्या पानांत तयार होणारं हे संप्रेरक फांदीतून तासाला साधारण १ सेंटिमीटर या गतीने खाली सरकतं. फांदी कापली की पुढची वाट संपते. ऑक्झिन कापापाशी साठतं आणि मुळं तिथेच फुटतात.

पण ‘खाली’ म्हणजे कुठे, हे पेशीला कसं कळतं? गुरुत्वाकर्षणामुळे, असं वाटेल. हेर्मान फ्योख्टिंग या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने १८७० च्या दशकात विलो या झाडाच्या फांद्यांचे तुकडे दमट हवेत उलटे टांगून पाहिले. मुळं मुख्यतः मूळच्या बुडख्याकडेच आली, तो आता वर असूनही!

याचं उत्तर सामूमध्ये, म्हणजे आम्लता मोजणाऱ्या pH मध्ये आहे. ऑक्झिन, म्हणजे इंडोल ॲसिटिक ॲसिड, हे सौम्य आम्ल. पेशीभित्तिकेत सामू ५.५ च्या आसपास असतो. तिथे त्याचे काही रेणू आपला हायड्रोजन धरून असतात, त्यांच्यावर विद्युतभार नसतो, आणि असा रेणू पेशीच्या स्निग्ध पटलातून सहज आत शिरतो. आत सामू ७ च्या जवळपास. तिथे तो हायड्रोजन सोडून ऋणभारित होतो, आणि भारित रेणूला तेच पटल ओलांडता येत नाही. आता बाहेर पडायला दार हवं. हे दार म्हणजे ‘पिन’ नावाची प्रथिनं, आणि या वाटेवरच्या पेशी ती मुख्यतः आपल्या बुडाच्या बाजूला बसवतात. एका पेशीच्या तळातून निघालेला रेणू खालच्या पेशीत शिरतो, तिथूनही तळातूनच निघतो. अरॅबिडॉप्सिस या प्रयोगशाळेतल्या लाडक्या वनस्पतीच्या ज्या रोपांत हे प्रथिन बिघडलं होतं, त्यांचा दांडा फुलांविना टाचणीसारखा बोडका राहिला. नाव पडलं ते त्यावरून.

म्हणून काडी उलटी लावू नका आणि तिची सगळी पानं ओरबाडू नका. १५ ते २० सेंटिमीटरचा तुकडा घ्या, डोळ्याच्या जरा खाली कापा, फूल काढा, वरची एक-दोन पानं ठेवा. रूटिंग पावडरीत बहुधा इंडोल ब्युटिरिक ॲसिड असतं, ऑक्झिनचंच टिकाऊ भावंड; ते चिमूटभर पुरतं. काडीवर कापलेली प्लास्टिकची बाटली पालथी घाला, कुंडी सावलीत ठेवा.

मनी प्लांट चोरून आणला तरच लागतो, असं अजूनही सांगतात. त्याच्या पेरांवर हवाई मुळं आधीच असतात. तो विकत आणलेलाही लागतो. गुच्छातल्या गुलाबाचं तसं नाही. शीतगृहातून, प्रवासातून आलेली ही दांडी थकलेली असते, शिवाय या संकरित जाती पॉलिहाउसमध्येही बहुधा दुसऱ्या गुलाबाच्या खुंटावर डोळा भरून वाढवतात. दहांतल्या दोन काड्या जगल्या तरी मला आनंद होतो. गावठी गुलाब त्यामानाने पटकन लागतो.

पंधरवड्यात काडीचे डोळे फुटून लालसर पालवी येते आणि आपण हुरळतो. ती पालवी दांडीतल्या शिल्लक अन्नावर आलेली असते. मुळांना तीन ते सहा आठवडे लागतात. तोवर काडी उपटून पाहू नका. पारदर्शक प्लास्टिकच्या पेल्याला तळाशी भोकं पाडून त्यात लावा, बाहेरून काळा कागद गुंडाळा आणि दर आठवड्याला तो सोडून पाहा. मुळं फुटली की ती पांढरी, कडेला टेकलेली दिसतील.