कॅमकॉर्डरचं एचडी फुटेज एडिटिंगसाठी कन्व्हर्ट करणं

कॅमकॉर्डरने कार्डावर किंवा टेपवर लिहिलेली एचडी फाईल एडिटिंग सॉफ्टवेअरला सहज पेलेल अशा दुसऱ्या फाईलमध्ये बदलायची, आणि ती बदलताना चित्र, रंग, हालचाल, आवाज यातलं काही डोळ्याकानाला जाणवेल इतकं हरवू द्यायचं नाही, या कामाला ट्रान्सकोडिंग म्हणतात, बोलताना सगळे ‘कन्व्हर्ट करणं’ एवढंच म्हणतात. गोव्यात याची गरज अजून संपलेली नाही कारण २००६ नंतरची आठ-दहा वर्षं गावोगावच्या जत्रा, पेडण्याकडचे दशावतारी काले, शिगम्याचे रोमटामेळ (ढोल-ताशांच्या मिरवणुका), चवथीच्या माटोळ्या (गणपतीवर टांगलेली फळापानांची आरास), लग्नं आणि नाट्यस्पर्धेतली नाटकं असल्याच छोट्या कॅमेऱ्यांवर शूट झालीत आणि ती कार्डं, टेपा, जुन्या हार्ड डिस्क अजून कपाटात पडून आहेत. त्यातले कितीतरी कलाकार आता नाहीत, प्रयोगाची दुसरी नोंद कुठेच नाही, म्हणून ही फाईल एकदा नीट हाताळली गेली पाहिजे.

आधी एक गोष्ट सांगून टाकतो, कन्व्हर्ट केल्याने क्वालिटी वाढत नाही. कॅमेऱ्याने जे टिपलं नाही ते कुठलंही सॉफ्टवेअर परत आणून देत नाही, आपल्या हातात फक्त आहे ते सांभाळणं असतं.

एडिटिंगला जड का जातं

या काळातले बहुतेक कॅमकॉर्डर एव्हीसीएचडी फॉरमॅटचे. सोनी आणि पॅनासोनिक यांनी मिळून २००६ मध्ये तो आणला, पुढे कॅनन आणि जेव्हीसीनेही घेतला. आत चित्र एच.२६४ या पद्धतीने दाबलेलं, आवाज बहुतेक वेळा डॉल्बी एसी-३ चा, आणि फाईलच्या नावाचं शेपूट (एक्स्टेन्शन) एमटीएस. बिटरेट, म्हणजे दर सेकंदाला लिहिली जाणारी माहिती, जास्तीत जास्त सेकंदाला २४ मेगाबिट, २०११ च्या दुसऱ्या आवृत्तीत ५०पी (सेकंदाला ५० पूर्ण चित्रं) आलं तेव्हा तो २८ झाला. आता हिशोब बघा, १९२० बाय १०८० चं चित्र सेकंदाला २५ वेळा काहीही न दाबता लिहायचं तर ४:२:० रंगातसुद्धा (रंगाची माहिती कमी करून, पुढे ‘रंग’ मध्ये येईल) सेकंदाला सुमारे ६२० मेगाबिट लागतात, म्हणजे कॅमेऱ्याने ते पंचवीसेक पट दाबून कार्डात बसवलेलं असतं.

हे दाबणं होतं कसं तर सगळी चित्रं पूर्ण लिहिलीच जात नाहीत. साधारण अर्ध्या सेकंदाला एक चित्र पूर्ण असतं, मधल्या चित्रांत फक्त आधीच्या किंवा नंतरच्या चित्रापेक्षा काय बदललं तेवढंच असतं. बघताना याचा त्रास नाही. पण एडिट करताना आपण मध्येच कुठेतरी कट मारतो, मागे सरकतो, दोन कॅमेरे शेजारी लावतो, आणि प्रत्येक वेळी कॉम्प्युटरला त्या एका फ्रेमसाठी आजूबाजूची डझनभर चित्रं सोडवावी लागतात, मग जुना लॅपटॉप अडखळतो आणि फॅन विमानासारखा ओरडायला लागतो. नवीन मशीनमध्ये एच.२६४ सोडवणारं वेगळं हार्डवेअर असतं त्यामुळे एका कॅमेऱ्याचं साधं लग्न आता थेटसुद्धा एडिट होतं, तिथे उगाच कन्व्हर्ट करत बसू नये. तीन-चार कॅमेऱ्यांचं नाटक, रंगाचं जास्त काम किंवा जुनं मशीन असेल तर मात्र कन्व्हर्ट केलेलंच बरं.

कार्ड उतरवणं

क्वालिटीपेक्षा जास्त नुकसान इथे होतं, म्हणून जरा सविस्तर. कार्डात प्रायव्हेट नावाचं फोल्डर असतं, त्यात एव्हीसीएचडी, त्यात बीडीएमव्ही, आणि त्याच्या आत स्ट्रीम फोल्डरमध्ये खऱ्या व्हिडिओ फाईली. शेजारी प्लेलिस्ट आणि क्लिपइन्फ अशी दोन फोल्डरं, त्यातल्या फाईली इवल्याशा असतात म्हणून लोक कचरा समजून सोडून देतात. पण कुठल्या फाईलीनंतर कुठली फाईल अखंड जोडायची हे तिथेच लिहिलेलं असतं. कार्ड फॅट ३२ पद्धतीचं असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी फाईल त्यावर मावतच नाही, आणि काही कॅमेरे तर २ जीबीलाच तोडतात, तेव्हा अडीच तासांचं नाटक एका दमात शूट केलं तरी कार्डावर त्याचे नऊ-दहा तुकडे पडतात. हा तुकडा कुठे पडेल याला काही नियम नाही, अर्धं वाक्य इकडे अर्धं तिकडे.

आमच्या गावच्या काल्याचं असंच झालं. शूटिंग करणाऱ्याने फक्त एमटीएस फाईली पेनड्राईव्हवर टाकून दिल्या, नावंही बदलली, कार्ड दुसऱ्या दिवशीच्या ऑर्डरसाठी फॉरमॅट करून टाकलं. टाईमलाईनवर तुकडे एकापुढे एक लावले तर प्रत्येक सांध्यावर चित्र टचकन उडी मारायचं आणि झांज आणि पखवाजाच्या मधोमध आवाज क्षणभर गायब. संकासुराच्या प्रवेशात नेमका असा एक सांधा आला, लोक हसतायत ते ऐकू येतं आणि ज्या शब्दावर हसले तो शब्दच अर्धा. नावं बदलल्यामुळे क्रम लावायलाच एक दिवस गेला, त्यानंतर ते तुकडे एडिटिंगमध्ये न जोडता बाईट टू बाईट एकामागे एक चिकटवून एकच फाईल केली तेव्हा तो शब्द पूर्ण ऐकू आला, कारण खरं तर काहीच हरवलं नव्हतं, सॉफ्टवेअर प्रत्येक तुकडा स्वतंत्र समजून सुरुवातीची अर्धवट चित्रं टाकून देत होतं.

म्हणून कार्ड उतरवताना सगळ्यात वरच्या फोल्डरपासून जसंच्या तसं कॉपी करायचं, एका कार्डाला तारीख आणि जागा लिहिलेलं एक फोल्डर, आणि दोन वेगळ्या डिस्कवर. मॅकवर हे सगळं मिळून एकच फाईल असल्यासारखं दिसतं, घाबरायचं कारण नाही, आत सगळं असतं.

डबा बदलणं आणि खरं कन्व्हर्ट करणं

या दोन गोष्टी लोक एक समजतात. एमटीएस हा नुसता डबा आहे. सॉफ्टवेअरला डबाच ओळखता येत नसेल तर आतला माल न उघडता दुसऱ्या डब्यात, म्हणजे एमओव्ही किंवा एमकेव्हीमध्ये ठेवता येतो, याला रीरॅप म्हणतात, तासाभराची फाईल काही मिनिटांत होते आणि क्वालिटी एका बिटानेही कमी होत नाही. एफएफएमपेग या फुकट प्रोग्रॅममध्ये हे होतं. पण त्याने एडिटिंग हलकं होत नाही, आतला एच.२६४ तसाच राहतो.

हलकं व्हायला हवं तर प्रत्येक फ्रेम स्वतंत्र आणि पूर्ण असलेला कोडेक (चित्र दाबायची-सोडवायची पद्धत) लागतो, याला इंटरमीडिएट कोडेक म्हणतात. अॅव्हिडचा डीएनएक्सएचडी २००४ चा, अॅपलचा प्रोरेस २००७ चा, आणि सिनेफॉर्म, जो पुढे गोप्रोने विकत घेतला आणि २०१७ मध्ये सगळ्यांसाठी खुला केला. डीएनएक्सएचडी फक्त ठरावीक साईज आणि फ्रेमरेटमध्येच चालतो, म्हणून २०१४ मध्ये त्याचा मोठा भाऊ डीएनएक्सएचआर आला, विंडोजवाल्यांना तो सोयीचा. हे सगळेसुद्धा थोडं दाबतातच, पण इतकं कमी की दोन-तीन वेळा परत परत लिहिलं तरी डोळ्याला फरक दिसत नाही. गणिती अर्थाने अजिबात काही न गमावणारा कोडेक पाहिजे तर एफएफव्ही१ किंवा यूटी व्हिडिओ, पण फाईली अवाढव्य होतात, संग्रहालयाच्या कामाला ठीक आहे.

जागेचा अंदाज आधी घ्यावा. २५ फ्रेमच्या फुल एचडीला प्रोरेस ४२२ सेकंदाला १२२ मेगाबिट घेतो, म्हणजे एका तासाला जवळजवळ ५५ जीबी. त्याचाच वरचा प्रकार एचक्यू घेतला तर १८४ मेगाबिट, तासाला ८३ जीबी. तोच एक तास मूळ कार्डात ११ जीबीपेक्षा कमी होता. आकडा बघून लोकांना वाटतं की एचक्यू म्हणजे जास्त चांगलं, पण कॅमकॉर्डरच्या ८ बिटच्या फुटेजला साधा ४२२ भरपूर होतो, कधी कधी त्याहून हलका एलटीसुद्धा. उरलेल्या पैशात दुसरी डिस्क घ्यावी.

आणि सगळ्यात कॉमन चूक म्हणजे हँडब्रेक किंवा ‘एनी व्हिडिओ टू एमपी४’ छाप कन्व्हर्टर. हँडब्रेक चांगला प्रोग्रॅम आहे पण तो बघायची फाईल बनवायला, त्यातून निघालेली फाईल बहुतेक वेळा पुन्हा एच.२६४ किंवा एच.२६५ असते, एडिटिंगला तेवढीच जड आणि वर एकदा जास्त दाबलेली. फाईल लहान झाली म्हणून आनंद होतो, मंद प्रकाशातल्या रंगमंचावर काळ्या पडद्यात चौकोन चौकोन दिसायला लागतात तेव्हा कळतं.

फिल्ड आणि हालचाल

आपल्याकडचे कॅमेरे पाल या टीव्ही पद्धतीचे, म्हणून बहुतेक फुटेज ५०आय. म्हणजे सेकंदाला २५ पूर्ण चित्रं नसतात, ५० अर्धी असतात, एकात विषम ओळी आणि एकात सम, आणि दोन्ही वेगवेगळ्या क्षणी टिपलेल्या. अशा अर्ध्या चित्राला फिल्ड म्हणतात, आणि अशा फुटेजला इंटरलेस. माशेलच्या चिखलकाल्याचं शूटिंग थांबवून बघा, स्थिर उभ्या माणसाला काही होत नाही पण चिखलात उडी मारणाऱ्या पोराच्या हातापायाला फणीचे दात आल्यासारख्या रेषा दिसतात. हा दोष फुटेजचा नाही, हे असंच असतं.

कन्व्हर्ट करताना इथे दोनच बरोबर रस्ते. एक, इंटरलेस तसंच ठेवायचं आणि नवीन फाईलला ‘वरचं फिल्ड आधी’ अशी खूण नीट लागली आहे ना ते बघायचं. जुन्या डीव्ही टेपांचं खालचं फिल्ड आधी असतं, तीच सेटिंग एचडीला लावली तर रोमटामेळ पुढे-मागे, पुढे-मागे थरथरत चालल्यासारखा दिसतो. दुसरा रस्ता म्हणजे प्रत्येक अर्ध्या चित्राचं एक पूर्ण चित्र करून ५०पी बनवणं, हालचाल सगळी टिकते. एफएफएमपेगमधला बीडब्ल्यूडीआयएफ हा फिल्टर यासाठी चांगला आणि वेगवान, क्यूटीजीएमसी नावाचा दुसरा फिल्टर अजून देखणं काम करतो पण रात्रभर मशीन चालू ठेवावं लागतं, आणि आमच्याकडे पावसाळ्यात वीज कधी जाईल सांगता येत नाही म्हणून तुकड्या-तुकड्याने केलेलं बरं. ५०आय चं सरळ २५पी करणं म्हणजे अर्धी हालचाल फेकून देणं, नाचाच्या आणि ढोलाच्या शॉटमध्ये ते लगेच कळतं. अपवाद एकच, काही कॅमेरे २५पी शूट करून ५०आय च्या डब्यात ठेवतात, तिथे दोन्ही अर्धी एकाच क्षणाची असतात, त्याला डीइंटरलेस करायचंच नाही, नाहीतर फुकटचा शार्पनेस जातो.

रंग

कॅमकॉर्डर उजेडाची माहिती प्रत्येक पिक्सेलची लिहितो पण रंगाची चार पिक्सेलना मिळून एक, तेच ते ४:२:०. लाल रंगात हे सगळ्यात जास्त दिसतं. शिरगावच्या लईराईच्या जत्रेत रात्री होमकुंड पेटतं तेव्हा काळोखात त्या लाल कडा, किंवा शिगम्यातले गुलालाने माखलेले चेहरे, तिथे मूळ फुटेजमध्येच कडा थोड्या पायरीपायरीच्या असतात. कन्व्हर्टरने इंटरलेस फुटेजला प्रोग्रेसिव्ह (पूर्ण चित्रांचं) समजून रंगाची माहिती ४:२:० वरून ४:२:२ ला वाढवली तर त्याच कडांवर आडव्या रेषा येतात आणि त्या नंतर जात नाहीत. ४२२ मध्ये कन्व्हर्ट केल्याने नवीन रंग येत नाही, फायदा एवढाच की पुढे रंगकाम करताना अजून झीज होत नाही.

अजून एक, बरेच कॅमकॉर्डर २३५ ही पांढऱ्याची ठरलेली हद्द ओलांडून २५५ पर्यंत लिहितात. ज्वाळेच्या आतला तपशील, पांढऱ्या धोतराच्या चुण्या त्या वरच्या भागात असतात. कन्व्हर्टरने तो भाग छाटला तर ज्वाळा म्हणजे नुसता पांढरा ठिपका. म्हणून कन्व्हर्ट झालेल्या फाईलचा वेव्हफॉर्म, म्हणजे उजेडाचा आलेख, उघडून वरची रेघ एकाच उंचीवर कापल्यासारखी सपाट झाली नाही ना ते बघावं. एचडीचं रंगाचं गणित रेक. ७०९ या मानकाचं, जुन्या एसडीचं ६०१ चं, हे चुकलं तर हिरवे आणि लाल जरा वेगळेच दिसतात.

आवाजाचं सोपं आहे. एसी-३ चा ४८ किलोहर्ट्झ पीसीएम (न दाबलेला आवाज) करायचा, फाईल फारशी वाढत नाही, आणि काही एडिटिंग सॉफ्टवेअरना एसी-३ मुळे चित्र दिसतं पण आवाज येत नाही तो प्रश्नही सुटतो. कॅमेरा ५.१ वर सेट असेल तर सहाच्या सहा चॅनल आले ना ते तपासायचं.

टेपवरचं एचडीव्ही

२००३ चा एचडीव्ही फॉरमॅट मिनी डीव्हीच्याच कॅसेटवर, एमपेग-२ मध्ये, १०८०आय ला सेकंदाला २५ मेगाबिट. त्याचं चित्र १४४० बाय १०८० असतं आणि बघताना रुंद ताणलं जातं, कन्व्हर्टरने ते ताणलं नाही तर माणसं उंच आणि किडकिडीत दिसतात. टेप फायरवायरने (कॅमेरा कॉम्प्युटरला जोडायची जुनी डिजिटल वायर) उतरवली तर टेपवरचे बिट जसेच्या तसे येतात, एचडीएमआय किंवा पिवळ्या-लाल-पांढऱ्या वायरीने परत रेकॉर्ड केली तर नाही. नवीन लॅपटॉपला फायरवायर पोर्ट नसतो म्हणून कुणाकडे जुना असेल तर जपून ठेवावा. आणि कोकणपट्टीतल्या दमट हवेत टेपेला पांढरी बुरशी धरते, कॅसेटच्या खिडकीतून रिळाच्या कडेला ती दिसते, तशी टेप कॅमेऱ्यात अजिबात घालायची नाही, हेड खराब होतो आणि मागून घातलेल्या चांगल्या टेपाही खराब होतात.

तपासणी

कन्व्हर्ट झाल्यावर मूळ फाईल आणि नवीन फाईल एकाच टाईमलाईनवर एकावर एक ठेवून वरच्या थराला डिफरन्स मोड लावायचा. दोन्ही तंतोतंत असतील तर स्क्रीन पूर्ण काळी. चांगल्या प्रोरेसमध्ये जवळजवळ काळीच राहते, ब्राईटनेस खूप वाढवला तर बारीक वाळूसारखं काहीतरी हलतं, तेवढं चालतं. माणसांच्या कडा पांढऱ्या रेघांनी उठून दिसल्या तर एखादी फ्रेम सरकली आहे किंवा फिल्ड उलटं झालंय, सगळा चेहराच राखाडी दिसला तर रंगाची हद्द चुकली आहे. सुरुवातीला बघायचं, मध्ये एका सांध्यावर बघायचं आणि अगदी शेवटच्या मिनिटाला बघायचं. एडिट झाल्यावर जागा कमी पडली तर पुसायच्या त्या प्रोरेसच्या फाईली, कार्डाची कॉपी असेल तर त्या कधीही परत बनवता येतात.