नॅलोक्सोन चुकीच्या माणसाला दिलं तर?

अमेरिकेत फिरणारा जुना समज: बेशुद्ध माणसाने ओपिऑइड (हेरॉइन, फेंटानिलसारखं, जास्त झालं तर श्वास मंदावणारं द्रव्य) घेतलंच नसेल, तर त्यावरचा उतारा असलेल्या नॅलोक्सोनचा फवारा त्याच्या जिवावर उठतो.

तसं होत नाही. मेंदूत ओपिऑइड जिथे चिकटतं, तिथून त्याला हटवून हे औषध स्वतः बसतं. हटवायला काही नसेल तर जवळपास काहीच घडत नाही. क्वचित ॲलर्जी, एवढंच. म्हणून तर न्यू मेक्सिकोने 2001 मध्ये कायदा करून ते सामान्यांच्या हाती जाऊ दिलं. इतर राज्यं मागोमाग आली. 2023 पासून 4 मिलिग्रॅमचा नाकात मारायचा फवारा चिठ्ठीशिवाय मिळतो. पडताळायचं तर खोक्यावरचा मजकूर आणि आपल्या राज्याच्या आरोग्य खात्याचं पान वाचा.

खरा घोळ वेगळाच होतो. ‘चालतो का बघू’ म्हणून लोक आधी हवेत दाबतात, आणि आत डोस एकच असतो! आधी 911 (अमेरिकेतला आपत्कालीन नंबर) लावा. माणसाला उताणं झोपवा, डोकं मागे कलवा, टोक नाकपुडीत पूर्ण घालून दाबा. 2-3 मिनिटांत श्वास सुधारला नाही, तर नवा फवारा दुसऱ्या नाकपुडीत. शुद्ध आली तरी थांबा: औषधाचा असर 30 ते 90 मिनिटांत ओसरतो आणि श्वास पुन्हा मंदावू शकतो.