हजरजबाबी नसलात तरी इम्प्रोव्ह शिकता येतं

‘ज्याला पटकन विनोद सुचतो त्यानंच इम्प्रोव्ह (संहितेशिवाय, आयत्या वेळी रचलेलं नाटक) करावं, बाकीच्यांनी टाळ्या वाजवाव्यात,’ असं वर्षानुवर्षं फॉरवर्ड होत आलंय. असं वाटणं साहजिक आहे. आपल्याला दिसतो तो मुरलेल्या कलाकारांचा प्रयोग; त्यामागची तालीम दिसत नाही. (संहिता नसली तरी तालीम असते, हो!)

नवशिक्यांच्या वर्गात मुख्य सराव ऐकण्याचा. समोरच्यानं जे सांगितलं ते मान्य करायचं आणि त्यात आपली भर घालायची. समजा, एक जण म्हणाला, ‘दादा, रामकुंडावर माझी चप्पल हरवली.’ दुसऱ्यानं ‘रामकुंड कुठलं, हे तर विमानतळ!’ म्हटलं की प्रसंग तिथंच आडवा. तोच म्हणाला, ‘हो रे, आणि तीच घालून मी तुला शोधतोय,’ की लोक हसतात. यात कोटी कुठंय? नुसता होकार आणि एक पाऊल पुढं.

अशा सरावाचे बरेच खेळ मुळात १९३०च्या दशकाच्या अखेरीस शिकागोत नाट्यशिक्षणासाठी घडले. विनोदी प्रयोगांत ते नंतर आले.

हजरजबाबीपणा लागत नाही, हे पडताळायचं तर कॉलेज रोडला चहा घेताना मित्राबरोबर आळीपाळीनं एकेक शब्द बोलून गोष्ट रचा. अट एकच, मुद्दाम विनोद करायचा नाही. आपला शब्द आधीच ठरवून बसणारा बहुधा अडखळतो. क्लास लावण्यापूर्वी एक सत्र बघू देतात का, विचारा. पहिल्याच दिवशी ‘काहीतरी फनी कर’ म्हणत असतील, तर दुसरा क्लास बघा.